ताकाचा फवारा

माह्या किडे जमवायच्या नादानं आमच्या घरची कढी बंद झालती, सांगतलं का तुमाले?

बोंडअळीचं साल होतं, मी नववीत होती. दिवाळीच्या सुट्ट्या. आमच्या फुलसावंगीच्या वावरातल्या पऱ्हाटीत, म्हंजे कपाशीत, अळीचे पतंग धरायचे सापळे टांगलते. पतंग किती सापडले ते पाहून औषधाचा फवारा मारायचा. मी रोज सकाळी गुपचूप सापळे रिकामे करून पतंग वहीत चिकटवायची.

बाबा माह्यानंतर ताक फवाराले जायचे. सापळे रिकामे पाहून गावभर सांगायचे, "माह्या ताकाच्या फवाऱ्यानं अळी पळाली!" घरचं सारं ताक पऱ्हाटीले.

आठव्या दिवशी कृषी सहायक हा उपाय समजून घ्याले घरी आले. बाबा ताकाचं माप सांगून राह्यले, तं मी मोठ्या कौतुकानं वही दाखवली.

"एवढे पतंग कुठून आणले गं?" साहेबानं इचारलं.

"आमच्याच सापळ्यातून. रोज आणतो."

साहेबानं कपाळाले हात लावला. "दादा, आजच औषध मारा!"

बाबा माह्यावर धावले, तशी आई मधात आली.

"पोरीले कायले मारता? तिनं निदान वही तं भरली. तुमी आठ दिवस माही कढी पऱ्हाटीवर ओतली!"