आखाड्याचं दार

शेषेराव : पेट्रोल आणलंय, नासिर. टेंभा कर अन् जाळ सगळं मोहोळ. चिंच जळली तरी चालंल.

नासिर : जाळून काय होणार, मामा? सिंधुमामीला ज्या डसल्या त्या परवाच मेल्या. आग्याची माशी एकदाच डसते. काटा तुटून अंगात राहतो, अन् तिची आतडी बाहेर. ह्या वर बसल्यात त्या भांडल्याच न्हाईत.

शेषेराव : त्यांच्याच बहिणी हायत की!

नासिर : हां, ते खरंय.

शेषेराव : तू त्यांची बाजू घेऊन राहिलास. तुझं पोट हाय ना त्यांच्या मधावर.

नासिर : वीस साल मोहोळं काढू राहिलो, म्हणून सांगतो. गांधीलमाशी असती तर मीच काडी ओढली असती. ती हरामी. डसते, परत डसते, अन् खुशाल घरी जाते. मुंगळा तर मुंडकं तुटलं तरी पकड सोडत न्हाई. पण आग्या उगं कुणावर येत न्हाई, मामा. आधी कुणी माशी मारली का?

शेषेराव : एक माझ्या मानंवर बसली व्हती. सिंधुनं चापट मारली.

नासिर : या अल्लाह.

शेषेराव : का रं?

नासिर : मेलेल्या माशीचा वास हाताला लागतो. बाकीच्या तो वास धरून येतात. म्हणून तुम्हाला सोडून मामीच्या मागं लागल्या.

शेषेराव : म्हंजी माझ्यावरचं मरण तिनं घेतलं.

नासिर : पण शेतातल्या ह्या आखाड्याची खोली तर दहा पावलांवर. दोघं आत का न्हाई गेले?

शेषेराव : वाटंत पडली ती. उज्वलालाबी तेच सांगितलं. लातूरहून आल्यापासून पोरगी येकच इचारती, माय भायेर कशी राहिली.

नासिर : (खोलीच्या उंबऱ्याशी वाकून) मामा, ह्या हिरव्या बांगड्या… इथं फुटल्यात. दारात. मेलेल्या माश्याबी इथंच पडल्यात.

शेषेराव : त्या दाराला वाळवी लागलीया. बदलायचंच व्हतं.

नासिर : मी बांगड्यांचं इचारलं.

शेषेराव : वाळवी बरी. भित्री जात. कुणाशी भांडत न्हाई.

नासिर : भांडते की. वारूळ फुटलं का मोठ्या डोक्याच्या शिपाई वाळव्या भोकापाशी येतात, मुंग्यांना अडवतात. तेवढ्यात आतल्या वाळव्या मातीनं भोक बुजवून घेतात. भायेरच्या भायेरच मरतात.

शेषेराव : त्या भायेरच्या… दार वाजवतेत का रं?

नासिर : मामा, ते पेट्रोल इकडं द्या. तुमच्या हातात नको.

शेषेराव : म्या आतून कडी धरून बसलो व्हतो, नासिर. सिंधुनं लई येळ वाजवलं.