तळमजल्यापुरता आजार

...तर ती खिडकीवरची बाई मला सगळ्यांदेखत काय म्हणते, "अय्या, किती छान दिसताय हो, मागच्या वेळेपेक्षा केवढ्या सुधारलात!" आता हे ऐकून कुठलीही बाई खूश होईल की नाही? मी आधी आत कुणी ऐकलं का ते बघितलं. म्हटलं, बाई गं, हळू बोल... सरका जरा, बसते. तुमचा नंबर कितीचा? एक्केचाळीस? मग बसा निवांत. माझा अडतीस आहे आणि आत आत्ताशी एकतिसावा गेलाय. घरवाटप कचेरीत आलात म्हणजे दिवस काढूनच आला असाल.

छान दिसण्याला कोण घाबरतं, असंच वाटलं ना तुम्हाला? सांगते. पण पहिल्यापासून सांगायला हवं, नाहीतर म्हणाल बाईचं डोकं फिरलंय. डोकं शाबूत आहे माझं. डोकं सोडून बाकीच्याची कटकट आहे.

मला संधिवात आहे. आता संधिवात म्हटलं की लोक लगेच, "हो हो, आमच्या सासूबाईंचाही गुडघा दुखतो." अहो, तो वयाचा. माझा वेगळा, सांध्यासांध्यांत सूज आणणारा. चाळिशीत आला, मला वाटलं चार दिवसांचा पाहुणा आहे, तर घरजावई होऊन बसला. आणि स्वभाव काय सांगू त्याचा! सकाळी एक, दुपारी एक. सकाळी सातला माझी मूठ मिटत नाही. मी शिवणकाम करणारी बाई, बावीस वर्षं लोकांची बटणं लावली, आणि मला माझ्याच गाऊनचं बटण लागत नाही. नळ कोपरानं उघडायचा, कप दोन मनगटांत धरायचा. दोन-अडीच तासांनी गाडी हळूहळू सुरू होते, आणि दुपारी चारला मी अशी, की बघणारा म्हणेल हिला काय धाड भरलीय. आता सरकारी माणसं भेटतात कधी? दुपारी तीन ते पाच. म्हणजे मी कशी आहे हे सरकारला कधी कळणारच नाही, अशी व्यवस्था. मला तुम्हीच सांगा, माणसानं नेमकं आजारी असावं तरी किती?

बरं, राहायला चौथा मजला. अडुसष्ट पायऱ्या. लिफ्टची जागा आहे, लिफ्ट नाही, तिथे सगळ्यांच्या सायकली. उतरायचं म्हणजे कठडा धरून आडवं, खेकड्यासारखं. चढताना मधे दम खायला तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी दाराबाहेर माझ्यासाठी स्टूल ठेवलेलं. शेवटी शेवटी मी उतरायचंच सोडलं. एकदा कॅलेंडरवर मोजलं, सत्तेचाळीस दिवस झाले होते. सत्तेचाळीस दिवसांत जमिनीला, म्हणजे खऱ्याखुऱ्या जमिनीला, माझा पाय लागला नव्हता. गिऱ्हाइकं सुटली. बोटभर बाही सैल करून घ्यायला कोण चढणार चार मजले? मला तळमजल्याचं घर हवं होतं, बाकी काही नको. मोठं नको, हवेशीर नको. दार उघडलं की रस्ता, आणि मनात आलं की कुणाला न विचारता बाहेर. एवढंच.

तेव्हा ही कचेरी पलीकडच्या इमारतीत होती, दुसऱ्या मजल्यावर. आता खाली आणलीय, मोठ्या साहेबांचा गुडघा दुखायला लागला म्हणून. तर गेले मी अर्ज द्यायला. हीच बाई खिडकीवर. मला म्हणते, "साठ गुण पडले तर तळमजला." म्हटलं मेले, शाळेत कधी साठ पडले नाहीत, इथे कुठून पडणार? तर म्हणते, "जिना चढता येतो का?" म्हटलं, नाही. "मग इथे कशा आलात?" म्हटलं, चढून. "मग येतो." म्हटलं, बाई, पाऊण तास लागला, वाटेत दोनदा पायरीवर बसले! "वेळेचा रकाना नाही." खोडून टाकलं माझं 'नाही'. पुढे, "आजार कायमचा की तात्पुरता?" म्हटलं, कायमचा. "रोज सारखाच त्रास होतो?" म्हटलं, नाही, कमीजास्त. "मग कायमचा कसा?"

पुढच्या वेळी मी ह्यांना पाठवलं. हे म्हणजे आमचे हे, किल्ल्या करतात, चौकात छोटंसं दुकान आहे. हे गेले, तर बाई म्हणाली, "अर्जदार स्वतः हवी." हे म्हणाले, "तिला जिना चढता येत नाही." बाई म्हणाली, "तसं त्यांनी स्वतः इथे येऊन सांगायला हवं." आमचे हे मुळात कमी बोलतात, त्या दिवसापासून आणखीच कमी झाले.

मग पाहणी लागली. पाहणीवाले साहेब घरी येऊन बघणार, त्यांच्या शेऱ्यावर निम्मे गुण. आता मला सांगा, घरी कुणी येणार म्हटल्यावर तुम्ही काय कराल? मीही तेच केलं. दोन दिवस घर घासलं. पडदे धुतले, माळ्यावरची भांडी काढून पुसली, जशी काही साहेब माळ्यावर चढून बघणार होते. दुपारी चारला साहेब आले, चार मजले चढून नुसते हाशहुश करत. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, पंखा मोठा केला, पटकन चहा टाकला, ट्रेमधून आणला. ते म्हणाले, "काय, कशा आहात?" आणि मी, ह्या तोंडानं, म्हटलं, "मजेत."

मजेत! बघा आता. तोंडातून निघूनच गेलं. आईनं शिकवलेलं, कुणी विचारलं कशी आहेस तर बरी आहे म्हणावं, समोरच्याच्या जिवाला घोर लावू नये. त्या बिचारीला काय ठाऊक, पुढे ह्याचे गुण मिळणार आहेत म्हणून! साहेबांनी लिहिलं: 'घर नीटनेटके. अर्जदार प्रसन्न. हालचाली सहज. चहा उत्तम.' चहाचं मी घातलं पदरचं, पण बाकीचं लेखी आहे. गुण पडले सव्वीस. आणि त्या सफाईनंतर मी चार दिवस अंथरुणात, कुशीवर वळायलासुद्धा ह्यांना हाक मारायची. ते चार दिवस बघायला कोण आलं? कुणी नाही. त्यांचे गुण कुठे आहेत? कुठेच नाहीत. माणसानं आजारी असावं तरी किती, आणि असावं तरी कधी?

पुन्हा अर्ज केला. पुन्हा पाहणी मिळाली, आणि नशीब बघा, ह्या वेळी सकाळची, नऊ ते अकरा. ह्यांनी माझी तालीमच सुरू केली. रोज जेवण झालं की हे खुर्चीवर साहेब होऊन बसायचे. "काय, कशा आहात?" मी म्हणायची, "तशी बरी..." "चूक. परत. कशा आहात?" "चाललंय आपलं..." "अगं, चाललंय काय? चालत नाहीये म्हणून तर अर्ज केलाय!" "बरं, बरी नाही." "मग सांगताना हसतेस कशाला?" अहो, हे साहेबांसारखा आवाज काढतात, मला हसू येणार नाही तर काय? घर झाडायलाही बंदी. सहा दिवस मी धूळ बघत बसले. आजाराचं सोसलं, पण खिडकीच्या गजावरची ती धूळ... जाऊ दे.

आता एक सांगायचं राहिलं. आमच्या दाराला आतूनही किल्ली लागते. माझ्या बोटांत किल्ली फिरत नाही, म्हणून ह्यांनी माझ्या किल्लीच्या भोकात एक लाकडी दांडी बसवून दिली होती, वीतभर, की तळव्यानं ढकललं तरी कुलूप उघडावं. पाहणीच्या दिवशी ह्यांना काय बुद्धी झाली कोण जाणे. म्हणाले, "असली सोय दिसली की गुण कापतील. साहेबांना तुझी खरी अडचण दिसू दे." दांडी काढली, खिशात टाकली, नेहमीच्या सवयीनं बाहेरून कुलूप लावलं आणि निघून गेले दुकानात. सगळ्या गावाला दारं उघडून देणारा माणूस, बायकोला कोंडून गेला.

साडेनऊला टकटक. म्हटलं, "उघडते हं." किल्ली घातली. फिरेना. दोन्ही तळव्यांत धरली, फिरेना. रुमाल गुंडाळून बघितलं, कोपर लावून बघितलं, दातात धरायला गेले तर तेवढं वाकता येईना. बाहेरून साहेब, "आहात ना आत?" म्हटलं, "आहे, किल्ली फिरत नाहीये, बसा ना तुम्ही." बसा कशावर? खुर्च्या सगळ्या माझ्या बाजूला! बारा-पंधरा मिनिटं झाली. शेवटी मी आत जमिनीवर बसले, आणि बाहेर साहेब टेकले पायरीवर, कागदांची सळसळ ऐकू आली. म्हणाले, "असं करू, मी इथूनच विचारतो. रोज सकाळी असंच होतं?"

आणि काय सांगू तुम्हाला, मी बोलायला लागले. दार मधे होतं म्हणून असेल. चहा टाकायचा नव्हता, तोंड हसरं ठेवायचं नव्हतं, समोरच्याचा चेहरा पडलेला बघायचा नव्हता. सगळं सांगितलं. नळाचं, कपाचं, सत्तेचाळीस दिवसांचं. हे सकाळी माझे केस विंचरून देतात ते. मशीनवर आता चादर टाकून ठेवलीय आणि मी तिकडे बघत नाही ते. आणि घरात कधी काही पेटलं, तर मी अशीच ह्या किल्लीसमोर बसून राहीन, ह्याची मला भीती वाटते, हे तर मी ह्यांनाही कधी सांगितलं नव्हतं. रडले. खोटं कशाला बोलू, चांगली रडले.

बाहेर साहेबांनी पान उलटल्याचं ऐकू आलं. मग म्हणाले, "बाई, हे मागच्या वेळीच का नाही सांगितलंत?" म्हटलं, "मागच्या वेळी तुम्ही पाहुणे होता."

तेवढ्यात जिन्यावर धाडधाड. ह्यांना दुकानात खिशात हात घातल्यावर दांडी लागली, तसे दुकान उघडं टाकून पळत आलेले, चार मजले. धाप लागून साहेबांशेजारीच बसले. साहेबांनी म्हणे त्यांना आधी विचारलं, "तुमचाही अर्ज आहे का?" गुण किती पडले असतील? चौऱ्याहत्तर! जन्मात पहिल्यांदा पहिला वर्ग.

आणि घर मिळालं हो. तळमजला, दोन खोल्या, दार उघडलं की रस्ता. पहिल्या दिवशी मी चौदा वेळा बाहेर गेले. हे म्हणाले, "काय आणायला जातेस?" म्हटलं, काही नाही. नुसती जाते, फुटपाथवर उभी राहते, येते. एकदा तर पोस्टमनला उगाचच किती वाजले विचारलं. खूप आनंद झाला होता मला, तो काय लपवायचा? नळ दांडीचा आहे, एका थापेत उघडतो. जिना गेला तशी गुडघ्यांची सूज उतरली. मशीनवरची चादर काढली. दुपारी अर्धा तास, मग तास, आता दीड तास बसते. गिऱ्हाइकं खिडकीतूनच कपडे देतात. परवा सकाळी आठला मी बटण लावलं. माझं मी.

इथेच तर सगळी पंचाईत. घर मिळतं वर्षाच्या बोलीवर. वर्षानं फेरतपासणी, आज माझी तीच आहे. साठाच्या खाली आलात की घर परत, आणि जिथे रिकामं असेल तिथे जायचं. रिकामं कुठे असतं? वरच! तळमजला कोण सोडतोय? म्हणजे तळमजल्यावर राहून मी सुधारणार, सुधारले म्हणून वर जाणार, वर जाऊन बिघडणार, बिघडले की परत खाली. लिफ्ट नाही म्हणून लिफ्टचं काम मीच करायचं. डॉक्टरांकडे दाखला आणायला गेले तर ते इतके खूश, की स्वतः कागदावर लिहिलं, 'लक्षणीय सुधारणा'. म्हटलं, डॉक्टर, पाया पडते तुमच्या, असं लिहू नका. आणि खरंच पडता आलं असतं मला! ते म्हणाले, "मग काय लिहू?" म्हटलं, लिहा, आजार आहे तिथेच आहे, बाई फक्त खाली आलीय. तेवढं काही लिहिलं नाही त्यांनी. आणि ते खरं होतं हो. उद्या त्या अडुसष्ट पायऱ्या पुढ्यात आल्या तर महिन्याभरात मी परत कप मनगटात धरीन. पण आजच्या तारखेला मला बरं वाटतंय, आणि हे कुणाला सांगायची सोय नाही. आधी बरं नसताना बरं आहे म्हणून फसले, आता बरं असताना... मला तुम्हीच सांगा, माणसानं आजारी असावं तरी किती? साठ? एकसष्ट? एकसष्ट पुरेल का?

काय म्हणाला तो शिपाई? अडतीस? आला की माझा नंबर. चला.

जरा हात देता का मला? असा नाही, दंडाला धरा. आणखी घट्ट. हळू, हळू चला, एवढी घाई नको... अहो, चालता येतंय मला चांगलं. पण साहेब बघतायत.