आदेश लेखी आहे का?

(थंडीची सकाळ. टेकडीवरच्या जंगलात शिरणाऱ्या वाटेवरचं सताड उघडं फाटक. म्हातारे नवरा-बायको, दोघंही मफलर गुंडाळून.)

बायको : अहो, चला की! पाटी वाचलीत ना? ‘सर्वांसाठी खुले.’

नवरा : सर्वांसाठी असेल. मी इथला पहारेकरी होतो.

बायको : होतात! निवृत्त होऊन जमाना झाला.

नवरा : आदेश काय होता? फाटकाच्या आत कुणी पाऊल टाकायचं नाही. मीसुद्धा.

बायको : म्हणजे जन्मभर राखण केलीत आणि आत काय आहे ते तुम्हालाही ठाऊक नाही?

नवरा : राखायचं होतं. बघायचं नव्हतं.

बायको : धन्य आहे! आणि मी शेजारणींना सांगत फिरले, आमच्या ह्यांना सगळी गुपितं माहीत, पण ओठांवर येतील तर शपथ!

नवरा : पोटात होतं काय, ओठांवर यायला?

बायको : हे बघा, पुढच्या आठवड्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन. मग डोंगर चढणं बंद, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. मला आजच आत जायचंय. तुमच्याबरोबर.

नवरा : तू जाऊन ये. मी थांबतो इथं. कुणी आलंच तर...

पाठपिशवीवाली मुलगी : काका, जरा बाजूला होता का? मला वर जायचंय.

नवरा : पास?

मुलगी : कसला पास?

बायको : जा गं पोरी, जा. त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस. शोभतं का हो? भर थंडीत घाम फुटला बिचारीला!

नवरा : तोंडातून निघून गेलं.

बायको : बरं, मग मीच आदेश देते. आत चला!

नवरा : लेखी आहे का?

बायको : तोंडी आहे. घरात कधी लेखी लागला होता?

नवरा : ...हात धर. दंव पडलंय, निसरडं आहे.

बायको : हळू! पळताय काय चोरासारखे? थांबा, दम लागला मला.

नवरा : बस ह्या दगडावर. अगं, पण हे तर नुसतं जंगल आहे!

बायको : मग काय राजवाडा असेल वाटलं?

नवरा : काहीतरी असेल वाटलं होतं. थोरली झाली तेव्हाही मी फाटकावरच होतो.

बायको : माहितीये. तेव्हापासून ह्या टेकडीला सवत म्हणत आलेय मी. येताजाता शिव्या घातल्यात.

नवरा : आणि आता?

बायको : दिसायला बरी आहे हो.

नवरा : माझ्यावर रागावली नाहीस ना?

बायको : रागावलेलीच आहे. चला पुढे, आज गुडघा चालतोय.