अक्कांचे मे महिन्यातले टमाटे

टमाट्याच्या भावाचा विषय निघालाच आहे तर सांगते. अमळनेरला आमच्या शेजारच्या अक्का भर मे महिन्यात गच्चीवर टमाट्याच्या चकत्या वाळत घालत होत्या. कुरडया-पापड ठीक, पण टमाटे? मी म्हटलं, "अक्का, एवढे स्वस्त मिळताहेत, वाळवता कशाला?"

"स्वस्त शेतस म्हनीसनच," त्या म्हणाल्या आणि मीठ भुरभुरत राहिल्या.

पावसाळ्यात टमाटे शंभराच्या वर गेले. ह्यांचा पगार व्हायचा होता आणि नेमका नणंदेच्या सासरच्यांचा फोन आला, जेवायला येतोय म्हणून. मी अक्कांकडे गेले. म्हटलं, "दोन टमाटे द्या, पगार झाला की आणून देते." त्यांनी बरणीतून मूठभर चकत्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. काळपट, चामड्यासारख्या कडक.

"गरम पानीमा टाक," म्हणाल्या.

टाकल्या. बघता बघता त्या फुगल्या, पाणी लालभडक झालं आणि घरभर ताज्या टमाट्याचा वास सुटला. पाहुण्यांनी रस्सा पुन्हा पुन्हा मागून घेतला. मी आपली पातेल्याकडेच बघत राहिले.

संध्याकाळी पुन्हा गेले आणि म्हटलं, "अक्का, अर्धी बरणी मला विकत द्या."

अक्कांनी सगळी बरणीच पुढे केली. म्हणाल्या, "पैसा कसाना? ऊन तं बठ्ठासले, सगळासले सारखंच भेटस. तू कूलर लाईसन बठस, मी टमाटा वाळत घालस."