बाबा उतरत नाहीत

हार्डवेअरच्या दुकानातली रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. सुतारकाकांच्या मागे दोघे भाऊ, त्यातला धाकटा चिखलाने माखलेला, काही एका जागी ठरत नव्हते.

“छोटा ट्रॅक्टर रुतला, एवढंच ना? मग बाबांना उन्हात वर बसवून का आलास?”

“उतरतच नाहीत, दादा! म्हणतात, एकदा उतरलो की तुम्ही पुन्हा चढू देणार नाही.”

“ऐंशीव्या वर्षी कसलं चढणं? पाया पडायचंस ना!”

“पडलो. म्हणाले, पाया पडतोस आणि हळूच किल्ली काढतोस.”

“साखळी मिळू दे आधी.”

“दादा, खरंच चढू देणार नाहीस त्यांना?”

“...आज तेच चालवत बाहेर काढतील. शेवटचं.”

“शेवटचं म्हणू नकोस त्यांच्यासमोर.”

“नाही म्हणणार.”

“मालक,” सुतारकाका म्हणाले, “माझे खिळे राहू द्या. आधी साखळी काढा.”