धुक्यातलं क्रियापद

तुम्ही हसाल, पण आम्ही दोघं आज जिवंत आहोत ते स्पॅनिश व्याकरणामुळे.

निखिलची स्पेनला बदली ठरत होती, म्हणून ओमानमध्ये मस्कतहून सलालाहला गाडीनं जाताना आम्ही क्रियापदं घोकत होतो. एक रूप मी म्हणायचं, पुढचं त्यानं. घाटात भर दुपारी असं धुकं उतरलं की गाडीचं बॉनेटसुद्धा दिसेना. भीती वाटू नये म्हणून मी घोकणं चालूच ठेवलं. 'थांबणे' हे क्रियापद निघालं.

"पारो," मी म्हणाले. म्हणजे मी थांबते.

"पारास," निखिल म्हणाला. तू थांबतेस.

पुढचं रूप मला आठवेना. तेवढ्यात अगदी कानाजवळ कुणीतरी शांतपणे म्हणालं, "पारा."

'पारा' म्हणजे तो थांबतो. आणि कुणाला 'थांब' म्हणून सांगायचं असलं, तरी शब्द तोच. निखिलनं करकचून ब्रेक दाबला. धुकं जरा हललं, तर गाडीच्या अगदी तोंडाशी उंटांचा कळप रस्ता अडवून उभा. एकही उंट हलला नाही. सगळे आमच्याकडे बघत होते.

निखिलनं हँडब्रेक ओढला. "बरं झालं, तू वेळेवर 'पारा' म्हणालीस."

"मी कुठे? मला आठवतच नव्हतं. तूच म्हणालास ना? तुझाच आवाज होता."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "नाही गं. तुझा होता."

मागच्या सीटवर आमच्या दोन बॅगा होत्या, बस. तरी सलालाह येईपर्यंत आमच्यापैकी कुणीही मागे वळून पाहिलं नाही.