मुलींची उजवी बाजू

लशीच्या रांगेत माझ्यापुढे एक आजी आणि तिची नात होती. चीनमधल्या आमच्या निंगग्वो गावात कुणी हळू बोलत नाही, मग मी तरी कान का झाकू?

"आजी, बाही वर कर."

"मला सुई नको. आपल्या खापरपणज्यानं सुईशिवाय देवीचा रोग रोखला."

"तो कसा?"

"रोग्याच्या खपल्यांची पूड चांदीच्या नळीनं नाकात फुंकायचा. मुलग्यांना डाव्या नाकपुडीत, मुलींना उजव्या. अख्खं गाव जगवलं त्यानं."

"पहिल्यांदा कुणाच्या नाकात फुंकली?"

"पोटच्या लेकीच्या. दुसरं कोण धजणार?"

"घाबरली असेल ना गं ती?"

"आपल्या घरातली पोर घाबरते होय?"

आजीनं बाही सरकवली.

"आजी, डावा हात द्या," नर्स म्हणाली.

"उजवाच घे. आमच्याकडे मुलींचं उजवीकडे असतं."